नोकरी सांभाळून धंदा, आणि तो धंदा सांभाळणारी माणसं

आजचा भाग एका दुरुस्तीने सुरू करतो.

दोन-तीन भागांपूर्वी, प्रश्नोत्तरांच्या वेळी, हैदराबादच्या एका प्रेक्षकाने मला विचारलं होतं, "सर, तुम्ही नोकरी करता, हे कार्यक्रम करता, शिवाय घरचा भाजणी-मसाल्यांचा धंदाही सुरू केलाय. हे सगळं जमवता कसं?" प्रश्न ऐकून मला बरं वाटलं. मग मी जे उत्तर दिलं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. पहाटे साडेचारला उठतो, वेळापत्रक पाळतो, मोबाइल बाजूला ठेवतो, वगैरे. चांगली सात-आठ मिनिटं बोललो. कॅमेरा बंद झाला आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "आणि भाजणी कोण भाजतं हो?"

ज्यांनी कधी भाजणी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे. हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरं, प्रत्येक जिन्नस वेगवेगळा, मंद आचेवर, हलवत राहून भाजायचा. एक जरी करपला तरी सगळा घाणा वाया. मग गिरणीवर जायचं, गिरणीवाल्याला आधी तांदूळ दळायला लावून जातं साफ झालं की मग आपलं दळण टाकायचं, घरी आणून चाळायचं, गार करायचं, भरायचं. या सगळ्यात माझा वाटा म्हणजे पाकिटांवर पत्ते चिकटवणं आणि ऑफिसला जाता जाता ती कुरियरवाल्याकडे टाकणं. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून इंदूर, बंगळुरू, हैदराबाद अशी आमची पाकिटं जातात. आणि "मी धंदा सुरू केला" असं मी हजारो लोकांसमोर बोलून बसलो होतो.

तर ही दुरुस्ती. पण ती एवढ्यावर संपत नाही, कारण त्या रात्री मला आणखी एक गोष्ट खटकली. नोकरी सांभाळून धंदा उभा करणाऱ्यांच्या ज्या गोष्टी मी इथे पूर्वी सांगितल्या, त्याही मी याच पद्धतीने सांगितल्या होत्या. एक माणूस, एक जिद्द, एक सायकल. म्हणून जुनी चरित्रं पुन्हा काढली. या वेळी एकच प्रश्न मनात ठेवून वाचली: हा गृहस्थ नोकरीवर असताना दुकानात कोण होतं?

सुरुवात आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून. जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. रंग सुटले, रेषा राहिल्या. यंत्रांची रेखाटनं ते उत्तम करत, आणि त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये सहायक शिक्षक झाले. आज ज्याला आपण व्हीजेटीआय म्हणतो, तेच हे. पगार महिना ४५ रुपये. कॉलेजची वेळ संपली की ते तिथल्याच यंत्रांशी खटपट करत. हे शिक्षण फुकट होतं, आणि माझ्या मते नोकरीतून त्यांना मिळालेली सगळ्यात मोठी कमाई तीच. पगार नंतरचा.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. ती विकत घेऊन विकायची, असं डोक्यात आलं. आता मुंबईत दिवसभर शिकवणारा माणूस सायकली विकणार कधी आणि कुठे? तर बेळगावात. तिथे त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा होते. लक्ष्मणराव मुंबईतून माल पाठवायचे आणि रामुअण्णा बेळगावात विकायचे. नुसतं विकायचे नाहीत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. त्या शिकवणीचे १५ रुपये घेत, असं सांगतात. म्हणजे मुंबईतल्या शिक्षकाच्या पगाराचा तिसरा हिस्सा! त्या काळी सायकलवर बसणं हीच एक विद्या होती, आणि ती मैदानात गिऱ्हाइकाच्या मागे धावून देणारा माणूस रामुअण्णा होता. कंपनी आपलं जन्मवर्ष १८८८ मानते. त्या जन्माच्या वेळी घरात सुईण कोण होतं, ते हे.

पुढे कॉलेजात बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. ही घटना प्रत्येक भाषणात येते, माझ्याही आली होती. अपमान झाला, बाणेदार माणसाने नोकरीला लाथ मारली! टाळ्या पडतात. पण राजीनामा देऊन तो माणूस गेला कुठे? चालू असलेल्या दुकानात. भावाने गिऱ्हाईक जमवून ठेवलं होतं म्हणून जायला जागा होती. बाणेदारपणाला मी कमी लेखत नाही. फक्त तो त्या दुकानाच्या गल्ल्यावर उभा होता, एवढंच म्हणतो.

नंतरचं तुम्हाला माहीत आहे. कडबा कापायची यंत्रं, मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. नांगर दोन वर्षं खपेनात, कारण लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत. बेळगावातली जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. निवडुंग आणि सापांचा तो माळ. लक्ष्मणराव कारखाना बघत होते आणि रामुअण्णा वस्ती बघत होते: घरं, रस्ते, झाडं. शंभूराव जांभेकर यंत्रं सांभाळत, मंगेशराव रेगे हिशेब. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई त्या माळावर संसार मांडून होत्या, आणि सुरुवातीच्या वाडीत संसार हा चार भिंतींतला नसायचा, पंक्तीतला असायचा. चरित्रात नांगराला प्रकरणं मिळतात, पंक्तीला ओळी.

एक गोष्ट मात्र मला आवडली. कंपनीचं नाव "किर्लोस्कर ब्रदर्स" आहे. पाटी चरित्रापेक्षा जास्त खरं बोलते.

आता बेळगावहून कलकत्त्याला जाऊ. काळ जवळपास तोच, माणूस अगदी वेगळा.

प्रफुल्लचंद्र राय. एडिंबराहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन १८८८ मध्ये परतले आणि पुढच्या वर्षी प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले. पगार २५० रुपये. लक्ष्मणरावांच्या पाचपटीहून जास्त, तरी याच पदवीच्या इंग्रज माणसाला वरच्या श्रेणीत जे मिळालं असतं त्यापेक्षा बरंच कमी. अपमान इथेही होता. पण या माणसाने राजीनामा दिला नाही. त्याने १८९२ मध्ये, सुमारे ७०० रुपये भांडवलावर, ९१ अप्पर सर्क्युलर रोड या आपल्या भाड्याच्या घरातच औषधं बनवायला सुरुवात केली. तेच पुढचं बेंगाल केमिकल. दिवसा कॉलेज, साडेचारच्या सुमारास घरी, आणि मग रात्रीपर्यंत हा उद्योग. कॉलेजातलं संशोधन बाजूला पडलं असेल म्हणाल, तर नाही. पाऱ्याच्या नायट्राइटचा त्यांचा गाजलेला शोध याच काळातला, १८९६चा.

त्यांच्या आत्मचरित्रातला एक प्रसंग मी अनेकदा सांगितलाय, पण आज तो वेगळ्या कारणासाठी सांगतो. फॉस्फेट ऑफ सोडा हे औषध परदेशातून यायचं. राय म्हणाले, त्याचा कच्चा माल तर कलकत्त्यात खाटकांकडे पडून आहे. हाडं! हाडं जाळून राख करायची, तिच्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया करायची, मग सोडा. त्यांनी पोती भरभरून हाडं आणली आणि घराच्या गच्चीवर वाळत घातली. थंडीचे दिवस, कोरडी हवा, काम सोपं वाटलं. नेमका जानेवारीत पाऊस लागून राहिला. हाडांना चिकटलेलं मांस कुजलं, अळ्या पडल्या, कावळे जमले, आणि कावळ्यांनी तो ऐवज शेजाऱ्यांच्या घरांवर टाकायला सुरुवात केली. शेजारी संतापले, नगरपालिकेच्या आरोग्य खात्यापर्यंत बोभाटा झाला. शेवटी हाडं शहराबाहेर माणिकतल्याकडे मोकळ्या जागेत नेऊन रात्री वीटभट्टीसारखी रचून पेटवली. तर आगीचा उजेड पाहून पोलीस धावत आले. कुणी माणूस मारून जाळतंय असा त्यांचा संशय!

आपण हसतो, आणि हसण्यासारखंच आहे. पण त्या गल्लीत राहणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. घरगुती धंदा "घरात" होतो म्हणजे नेमका कुठे होतो? गच्चीवर, जिन्यात, शेजाऱ्याच्या नाकात. आमच्या मिरच्या भाजल्या जातात त्या दिवशी वरच्या मजल्यावरचे आजोबा दिवसभर खोकतात. पहिल्या दिवाळीला मी त्यांना मसाल्याचं पाकीट देऊन आलो, तेव्हा ते म्हणाले, "मसाला नको, मिरच्या कधी भाजणार ते आधी सांगा." आता सांगतो.

रायांकडे परत येऊ. ते कॉलेजात असताना धंदा कोण बघत होतं? दोन नावं आहेत, आणि ती मी आजवर या कार्यक्रमात एकदाही घेतली नव्हती. पहिले डॉ. अमूल्यचरण बोस. रायांचे जुने वर्गमित्र, स्वतः दवाखाना चालवणारे. म्हणजे त्यांचीही ही दुसरी पाळीच होती. औषध बनवणं एक आणि खपवणं दुसरं. देशी कंपनीचं औषध लिहून द्यायला डॉक्टर तयार नसत, दुकानदार ठेवायला तयार नसत. बोस आपल्या व्यवसायबंधूंकडे जाऊन त्यांना तयार करत. दुसरे सतीशचंद्र सिंह, रसायनशास्त्रातले एम.ए., बोस यांचे मेव्हणे. ते वकिली सोडून या उद्योगात आले. प्रयोगशाळेत प्रुसिक अॅसिडच्या विषबाधेने त्यांचा अपघाती मृत्यू झाला. आणि १८९८ मध्ये कलकत्त्यात प्लेग आला, त्यात बोस गेले. धंदा सुरू झाल्यापासून सहा वर्षांच्या आत दोन्ही जोडीदार संपले.

सगळा भार पुन्हा रायांवर आला. १९०१ मध्ये त्यांनी त्या धंद्याची लिमिटेड कंपनी केली. आपण हा टप्पा "भरभराट" या सदरात टाकतो. मला आता वाटतं, त्यात कबुलीही होती की संध्याकाळी साडेचारनंतरच्या वेळात हे एकट्याला पेलणारं नाही. १९०३ मध्ये राजशेखर बसू कंपनीत आले आणि पुढे कारभार त्यांच्याकडे गेला. हेच बसू "परशुराम" या नावाने बंगालीत विनोदी कथा लिहीत आणि त्यांनी एक शब्दकोशही केला. म्हणजे प्राध्यापकाच्या जोडधंद्यात नोकरी करणाऱ्या माणसाचाही एक जोडउद्योग होता! कलकत्त्याचं पाणीच वेगळं असावं.

राय प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९१६ मध्ये निवृत्त झाले. २४ वर्षं नोकरी आणि उद्योग दोन्ही. "नोकरी कधी सोडू?" असं विचारणाऱ्यांना मी हे नाव सांगतो: सोडली नाही तरी चालतं. पण मग खासगी आयुष्य? त्याचं उत्तर गांधीजींच्या आत्मकथेत आहे. कलकत्त्यात ते गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे महिनाभर राहिले होते. राय शेजारीच राहत आणि सारखे गोखल्यांकडे येत. गोखल्यांनी ओळख करून दिली ती अशी: यांना पगार ८०० रुपये, स्वतःसाठी ४० ठेवतात, बाकीचे लोककार्याला देतात, लग्न केलेलं नाही आणि करायचंही नाही. तोल साधण्याचा हा एक मार्ग झाला. तराजूचं एक पारडंच काढून ठेवायचं. मला तो आदर्श म्हणून सांगायला आवडायचं, पण ज्याच्या घरी दहावीतली मुलगी आहे त्याला तो सांगून उपयोग काय?

अहमदाबादच्या करसनभाई पटेलांची गोष्ट थोडक्यात घेतो, ती सगळ्यांना पाठ आहे. गुजरात सरकारच्या खनिज खात्यात प्रयोगशाळेतली नोकरी, १९६९ मध्ये घरामागच्या शंभरेक चौरस फुटांत पिवळी पावडर, ऑफिसला जाता-येता सायकलवरून दारोदार विक्री. मोठ्या कंपनीची पावडर १३ रुपये किलो, यांची ३. मुलगी निरुपमाच्या नावावरून "निरमा". तीन वर्षांनी नोकरी सोडली. यात मला महत्त्वाचं वाटतं ते ऑफिसचा रस्ता हाच विक्रीचा रस्ता करणं. वेगळा वेळ काढावा लागला नाही. सायकल सगळे लक्षात ठेवतात, रस्ता फारसा कुणी नाही.

इथे सरकारी नोकरीतल्या प्रेक्षकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. निरमाची गोष्ट ऐकून उठू नका. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या १९६४च्या वर्तणूक नियमांत, पंधराव्या नियमाखाली, परवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही. घरच्या माणसाचा धंदा असेल तर तो कार्यालयाला कळवावा लागतो. आणि पत्नीच्या नावावरच्या धंद्याची शिफारस करत तुम्ही फिरलात, तर तोही नियमभंगच. राज्यांचे नियम वेगळे, खासगी नोकरीत नेमणूकपत्र वाचा. माझं मी वाचलं ते धंदा सुरू झाल्यावर आठ महिन्यांनी. त्या रात्री झोप लागली नव्हती. सुदैवाने साहेबांनी लेखी परवानगी दिली, पण चेहरा असा केला की तो अजून आठवतो.

आता शेवटची गोष्ट, जी आजवर मी "महिला उद्योग" या वेगळ्या कप्प्यात ठेवली होती. चूक तिथेच होती. तिची खरी जागा आजच्या विषयात आहे.

१५ मार्च १९५९. मुंबईचं गिरगाव. एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. देणारे छगनलाल करमसी पारेख, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे. म्हणजे १९०५ मध्ये गोखल्यांनी काढलेली संस्था! कलकत्त्यात रायांच्या शेजारी राहणारे गोखले या गोष्टीत असे पुन्हा भेटतात. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पुढे पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या पावसाळ्याआधी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. रायांना जानेवारीच्या पावसाने जे शिकवलं, तेच या बायकांना आषाढाने. पण या एका वर्षात शिकल्या.

या सात जणींनाही "नोकरी" होतीच. सकाळचा स्वयंपाक, मुलांची शाळा, सासू-सासरे, पाणी भरणं. तिला रजा नव्हती, राजीनामा नव्हता. त्यामुळे त्यांनी धंदाच असा बांधला की तो त्या नोकरीत बसेल. पीठ केंद्रावर मळलं जातं. सकाळी लवकर बहिणी येतात, कालचे लाटलेले पापड देतात, त्याची मजुरी घेतात, आजचं पीठ नेतात आणि घरी आपल्या वेळेने लाटतात. या मजुरीला तिथे "वणाई" म्हणतात. लाटणारी प्रत्येक जण मालकीण. घर स्वच्छ आहे का, वाळवायला जागा आहे का, हे आधी येऊन पाहतात. म्हणजे घरातली जागा आणि घरातला वेळ हे दोन्ही इथे पहिल्या दिवसापासून हिशेबात आहेत. कारण हिशेब मांडणाऱ्या स्वतः लाटत होत्या.

यात सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. काम घरी आलं की घर कधीच बंद होत नाही, आणि शाळेतून आलेली मुलगीही लाटणं हातात घेते, हे मी आमच्या नात्यात पाहिलंय. पण लक्ष्मणराव, राय, करसनभाई यांच्या गोष्टींत जे तास आपल्याला शोधावे लागतात, ते इथे रोज सकाळी मोजून, पैशांत चुकते केले जातात. मला हा फरक लहान वाटत नाही. नोकरी आणि धंद्याचा तोल कसा साधावा यावर मी व्याख्यानं देत होतो, आणि ज्यांनी तो प्रत्यक्ष साधला त्यांचा उल्लेख संक्रांतीच्या विशेष भागात करत होतो!

तर आमच्या घरी सध्या एक वही आहे. दोनशे पानी, शाळेची. त्यात पैशांचा नाही, तासांचा हिशेब लिहायचा, असं ठरलंय. कल्पना माझी. लिहिण्याची जबाबदारी मुलीने घेतली, कारण तिच्या मते आम्ही दोघं खोटं लिहू. गेल्या महिन्याची बेरीज अशी: बायकोचे ११८ तास, माझ्या आईचे ३१ (निवडणं-टिपणं), माझे २६. माझ्या सव्वीसमधले चार तास मुलीने लाल शाईने खोडलेत. ते मी मोबाइलवर "व्यवसायवाढीचे व्हिडिओ" पाहण्याचे धरले होते.

पाकिटावरचं नावही बदलतोय. आधी माझ्या आडनावाने "... फूड्स" होतं. नवीन नाव काय ठेवावं यावर घरात अजून एकमत नाही. आईला देवाचं नाव हवंय, मुलीला इंग्रजी काहीतरी, आणि बायको म्हणते, नाव नंतर बघू, दिवाळीच्या चकलीच्या भाजणीच्या ६० किलोंच्या ऑर्डरी आल्यात, त्यातल्या १५ किलोंचे तांदूळ अजून धुवायचेत. हे रेकॉर्डिंग मी इथेच थांबवतो. तांदूळ धुवायला आज मला बोलावलंय.